टेंटमधल्या काकडीवर भुरी: ठिपका दिसल्यापासून बॅच काढेपर्यंतच्या नोंदी

आधी सेटअप, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घरात रोपं वाढवायचा ४ बाय ४ फुटांचा टेंट, वर एलईडी, वरच्या कोपऱ्यात एक्झॉस्ट फॅन, खाली हवा आत यायला जाळी, दाराजवळ एक क्लिप फॅन. कोकोपीटच्या ४ ग्रो बॅगा आणि प्रत्येकीत काकडीची एक वेल, परागीभवन न लागणारी जात, कारण टेंटमध्ये मधमाश्या कुठून येणार. लाईट १६ तास चालू, ८ तास बंद. दाराजवळची वेल १ नंबर, मागच्या कोपऱ्यातली ३ नंबर.

९ नोव्हेंबर

३ नंबरच्या खालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले, वरच्या बाजूला, साधारण मसुरीच्या डाळीएवढे. लगेच भुरी (पानांवर पांढरी पावडर धरणारी बुरशी) म्हणायचं नाही असं ठरवलं, कारण गेल्या आठवड्यात पांढऱ्या माशीसाठी निंबोळी तेल मारलं होतं आणि आमचं पाणी जड आहे, थेंब वाळले की क्षाराचे पांढरे डाग राहतात. बोटाने पुसलं तर निघालं. पण क्षारही पुसला जातो आणि भुरीही, त्यामुळे या परीक्षेवर लोक एवढा विश्वास का ठेवतात कळत नाही. मी दोन ठिपके पुसले, दोन तसेच ठेवले आणि चारही जागांभोवती मार्करने बारीक गोल काढले. क्षार असेल तर पुसलेला परत येणार नाही आणि न पुसलेला वाढणार नाही, एवढा सरळ हिशोब.

११ नोव्हेंबर

वाढला. न पुसलेल्या दोन्ही ठिपक्यांनी मार्करची रेघ ओलांडलीय आणि पुसलेल्या एका जागी परत पांढरं धरलंय. शंकाच नको म्हणून ६० पटीचा खिशातला मायक्रोस्कोप काढला, पान कापून टेबलावर आडवं धरून बाजूने टॉर्च मारला. वरून उजेड पाडला तर नुसता पांढरा धब्बा दिसतो, बाजूने पाडला की उभ्या दांड्या दिसतात, आणि प्रत्येक दांडीवर मण्यांच्या माळेसारखे एकावर एक बीजाणू रचलेले. फुंकर मारली तर वरचे मणी उडून गेले, डोळ्यादेखत. ते बघितल्यावर क्लिप फॅन आठवला आणि पोटात गोळा आला.

नवीन लोकांची गल्लत होते म्हणून केवड्याचंही (डाउनी मिल्ड्यू, पानांवरचा दुसरा रोग) लिहून ठेवते. केवडा आला तर पानाच्या वरच्या बाजूला पिवळे, शिरांनी अडवलेले कोनाकोनाचे डाग पडतात आणि बुरशी खालच्या बाजूला दिसते, राखाडी-जांभळट. भुरी दोन्ही बाजूंना येते, पांढरी असते आणि शिरांना जुमानत नाही. औषधं वेगळी आहेत, केवड्यावर सल्फर मारून काही होत नाही. दुसरं म्हणजे खिडकीतल्या गुलाबावर मला मागे भुरी दिसली होती आणि संशय तिच्यावर गेला, पण गुलाबावरची बुरशी वेगळ्या जातीची, ती काकडीवर उतरत नाही. काकडीवरची मात्र भोपळा, दुधी, कलिंगड अशा एकाच कुळातल्या सगळ्यांवर फिरते. बाहेर भोपळ्याचा वेल असेल तर तिथे हात लावून तसंच टेंटमध्ये शिरू नका.

१२ नोव्हेंबर

ठिपके असलेली पानं काढली. पद्धत महत्त्वाची आहे म्हणून सविस्तर: आधी दोन्ही फॅन बंद, मग दहाएक मिनिटं हवा शांत होऊ दिली, मग प्लॅस्टिकची पिशवी पानावर खालून वर चढवली, पिशवीतच देठ कापला, तोंड तिथल्या तिथे पिळून गाठ मारली. पान कापून हातात घेऊन दारापर्यंत नेलं तर वाटेत सगळ्या टेंटला वाटप होतं. आधी बऱ्या वेली बघायच्या आणि आजारी शेवटी, उलटं नाही. कात्री प्रत्येक वेलीनंतर स्पिरिटने पुसली.

एका दमात एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढायची नाहीत हे पाळलं, त्यामुळे ३ नंबरवर काही डागाळलेली पानं राहिली. फळं धरलेली असताना वेल बोडकी केली की कोवळ्या काकड्या पिवळ्या पडून गळतात.

१३ नोव्हेंबर

दूध. हा उपाय गावगप्पांतला नाही, १९९९ मध्ये ब्राझीलच्या वॅग्नर बेट्टिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर दुधाचे प्रयोग छापले होते आणि १० टक्के व त्याच्या वर दूध असलेल्या फवाऱ्याने भुरीवर चांगला ताबा आला होता. म्हणून १ भाग दूध, ९ भाग पाणी, साय काढून, गाळून. ३ आणि ४ नंबरवर मारलं. शिवाय १ नंबरच्या फक्त एका पानावर खाण्याचा सोडा, लिटरला ५ ग्रॅम, बघू काय होतं.

१९ नोव्हेंबर

दुधाचा निकाल: ४ नंबरवर, जिथे जवळजवळ काही नव्हतंच, तिथे अजूनही फारसं नाही. ३ नंबरवर जुने ठिपके थोडे विरळ झाले पण शेजारी नवीन आले. आणि टेंटला आंबूस वास, तो अजून जात नाहीये. खालच्या दोन पानांवर दुधाचे ओघळ सुकले होते त्यावर काळपट बुरशी धरली, म्हणजे भुरी गेली नाही ती नाहीच, वर भाडेकरू आणले. दुधाचा परिणाम उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटमुळे होतो असा एक खुलासा दिला जातो, आणि आमच्या एलईडीत ते नाहीच. उघड्यावर किंवा काचेखाली कदाचित बरं चालत असेल, बंद टेंटमध्ये मी परत मारणार नाही.

सोड्याचं पान: कडा करपल्या. भुरी त्या पानावर नव्हतीच त्यामुळे गुण आला का ते कळायला मार्ग नाही, पण त्यातलं सोडियम पानावर आणि कोकोपीटमध्ये साठत जातं, काकडीला ते आवडत नाही. बंद.

हा आठवडा गेला. भुरीला एका बीजाणूपासून नवीन बीजाणू तयार करायला ३ ते ७ दिवस पुरतात, म्हणजे आपण एका उपायाची वाट बघत बसतो तेवढ्यात तिची पुढची पिढी हवेत असते.

२१ नोव्हेंबर

आता खरी गोष्ट सापडली. दिवसा कधीही बघा, टेंटमध्ये २६ डिग्री आणि ६० टक्के ह्युमिडिटी, अगदी पुस्तकी आकडे, त्यामुळे हवेवर संशयच नव्हता. काल किमान-कमाल लक्षात ठेवणारा हायग्रोमीटर (ह्युमिडिटी मोजणारं यंत्र) ३ नंबरच्या मागे, पानांच्या उंचीवर लटकवला. सकाळी कमाल आकडा: ९३.

कारण विचित्र नाही, साधं आहे. लाईट गेला की तापमान २६ वरून २० वर येतं. हवेतलं पाणी तेवढंच राहिलं तरी थंड हवेची पाणी धरायची ताकद कमी, त्यामुळे २६ डिग्रीची ६० टक्के ह्युमिडिटी २० डिग्रीला आपोआप ८६ च्या आसपास जाते. त्यात वेली आणि ओल्या बॅगा वाफ सोडतच राहतात. आणि एक्झॉस्ट फॅन होता लाईटच्याच टायमरवर! लाईट बंद, फॅन बंद, टेंटची चेन बंद, ८ तास आतल्या आत वाफ. मी घेतलेल्या किटमध्ये एकच टायमर होता आणि दोन्ही प्लग त्यात लावा असं कागदावर चक्क चित्र होतं.

लोक म्हणतात पानं कोरडी ठेवा म्हणजे बुरशी येणार नाही. बाकी बऱ्याच बुरशींना हे लागू आहे, भुरीला नाही. तिच्या बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, उलट साठलेल्या पाण्यात तो नीट रुजत नाही. तिला दमट, हलती नसलेली हवा आणि २० ते २७ डिग्री पुरतं, आणि आमचा टेंट रात्रभर तिला नेमकं तेच देत होता. मी वरून कितीही फवारे मारले असते तरी दर रात्री नवीन पेरणी होत राहिली असती.

२२ नोव्हेंबर

हवेची कामं, आज सगळी उरकली.

एक्झॉस्टला वेगळा टायमर, आता तो २४ तास चालू, रात्री कमी स्पीडवर. आवाजाची तक्रार घरातून आली, पहिल्या रात्री मलाही झोप आली नाही, मग फॅनला रबरी दोऱ्यांनी लटकवलं आणि घरघर बरीच कमी झाली.

क्लिप फॅन दाराजवळून काढून मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. थेट पानांवर नको. भिंतीवर आपटून हवा वेलींच्या मागून फिरायला हवी. अगरबत्ती लावून धूर कुठे थांबतो ते बघितलं, ३ नंबरच्या मागे तो आधी तसाच उभा राहायचा. फॅन हलवल्यावर निघून जायला लागला. या कामाला कुठलंही मशीन नको.

पाणी: संध्याकाळी लाईट जायच्या आधी द्यायची सवय होती, ती बंद. आता लाईट लागल्यावर तासाभरात सगळं पाणी, म्हणजे रात्रीपर्यंत बॅगेचा वरचा थर सुकतो. ट्रेमध्ये साठलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं, तेही रात्री वाफच होतं.

खालून पहिल्या तोडलेल्या काकडीपर्यंतची पानं काढली, सगळ्याच वेलींची. ती पानं अंधारात होती, वेलीला देत काही नव्हती आणि हवा मात्र अडवत होती.

छोटं पेल्टियरवालं (कॉम्प्रेसर नसलेलं) डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढणारं मशीनही घेतलं होतं, त्याचे पैसे अक्षरशः पाण्यात. मोठी झालेली काकडीची वेल दिवसाला लिटरभर पाणी सहज हवेत सोडते, अशा चार, आणि ते मशीन दिवसभरात कपभर गोळा करतं, वर स्वतः गरम होतं. घ्यायचंच तर कॉम्प्रेसरवालं घ्या आणि ते टेंटबाहेर खोलीत ठेवा.

आज रात्रीचा कमाल आकडा उद्या लिहीन.

२३ नोव्हेंबर

७४. अजून कमी व्हायला हवा पण ९३ वरून ७४ एका रात्रीत, तेही फक्त टायमर, फॅन, पाण्याची वेळ आणि काढलेली पानं यांच्या जोरावर.

२४ नोव्हेंबर

आता फवारा, पोटॅशियम बायकार्बोनेट. खाण्याच्या सोड्याचा भाऊ, पण सोडियमऐवजी पोटॅशियम, जे झाडाला तसंही लागतं. लिटरला ५ ग्रॅम आणि स्टिकरचे (फवारा पानावर पसरून चिकटावा म्हणून घालायचं द्रव) थोडे थेंब. स्टिकर नसेल तर पाणी भुरीवरून घरंगळून जातं, बुरशीचा थर पाण्याला उभंच करत नाही, नुसत्या पाण्याचा थेंब टाकून बघा, गोळी होऊन बसतो. परवा एका पानावर मारून दोन दिवस वाट बघितली, करपलं नाही, मगच सगळीकडे.

हे बुरशीला स्पर्श झाला तरच मारतं. ज्या ठिपक्यावर थेंब पडला नाही तो जिवंत, आणि उद्यासाठी पानावर काही संरक्षण उरत नाही. त्यामुळे पानांची खालची बाजू, देठ, खोडाचे पेर, सगळं ओलं झालं पाहिजे. माझ्या पंपाचं नोझल सरळ होतं, खालून मारायला मनगट वाकडं करावं लागायचं आणि अर्धी पानं सुटायची, म्हणून वर वळणारं नोझल लावलं. फवारताना लाईट मंद केला, फॅन बंद ठेवले, पंधरा-वीस मिनिटांनी फॅन सुरू. वेळ सकाळची, म्हणजे लाईट जायच्या आत पान खडखडीत सुकतं. खताच्या पाण्यात किंवा आम्लधर्मी कशातही हे मिसळू नका, फसफसून वाया जातं.

संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली: माळा कोसळलेल्या, पांढरं करडं पडलेलं. डाग मात्र राहतो, ती जागा तपकिरी होते, मेलेलं पान परत हिरवं होत नसतं. ज्यांना वाटतं फवारा लागू पडला नाही कारण डाग तसाच आहे, त्यांनी भिंगातून बघावं, डाग मोजू नयेत.

३० नोव्हेंबर

३ नंबर काढून टाकली. बायकार्बोनेटने तिच्यावरचं बरंच मेलं होतं, पण देठांवर आणि खोडावर बुरशी शिरली होती, फळं छोटी आणि वाकडी येत होती आणि तिला वाचवण्यात जो वेळ चालला होता त्यात बाकीच्या तीन नीट झाल्या असत्या. मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत वेल उभी भरून मगच बुडातून कापली. वेल काढल्यावर मागचा कोपरा मोकळा झाला आणि रात्रीचा आकडा आणखी खाली, ६८. खरं सांगायचं तर या टेंटमध्ये तीनच वेली लावायला हव्यात.

उरलेल्या तिघींवर बायकार्बोनेटचा दुसरा हात.

२ डिसेंबर

सल्फर, ८० टक्केवालं, पाण्यात मिसळणारं, लिटरला २ ग्रॅम. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, भुरी आणि सल्फर ही जोडी दीडशे वर्षांहून जुनी आहे, १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये मार्गेटच्या टकर नावाच्या माळ्याला द्राक्षावर भुरी दिसली आणि त्याने गंधकाचाच उपाय काढला. पण ते आधी का नाही मारलं तर तेलामुळे. निंबोळी तेल मारल्यावर किमान दोन आठवडे सल्फर नाही आणि सल्फरनंतरही तेवढेच दिवस तेल नाही, दोन्ही एकत्र आले की पानं भाजतात. दुसरी अट तापमानाची, ३० डिग्रीच्या वर असेल तर सल्फर पान करपवतं, म्हणून त्या दिवशी लाईट वर उचलून मंद केला आणि वरच्या पानापाशी २५ आहे हे बघूनच पंप उचलला.

सल्फर नवीन बीजाणू रुजू देत नाही, आलेली भुरी खरवडून काढायचं काम त्याचं नाही. म्हणून आधी बायकार्बोनेटने साफसफाई, मग सल्फरची राखण. मास्क आणि चष्मा लावाच, बंद जागेत डोळे फार चुरचुरतात. आणि कोळी किडीसाठी तिला खाणारे मित्रकोळी सोडले असतील तर सल्फरने तेही मरतात, तिथे दुसरा मार्ग शोधावा लागेल. काकड्या आधीच तोडून घेतल्या, नंतरच्या लेबलवर दिलेला काळ उलटल्यावरच, चोळून धुऊन.

आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषली जाणारी) बुरशीनाशकं घरात, झोपायच्या खोलीशेजारी मारायची माझी तयारी नाही. शिवाय तेच औषध परत परत मारलं की भुरी त्याला पचवून बसते, काकडीवरच्या भुरीने अझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकाच्या गटाला जगात बऱ्याच ठिकाणी पचवलंय. यूव्ही-सीचा (अल्ट्राव्हायोलेटचा तीव्र प्रकार) दिवा रात्री फिरवून स्ट्रॉबेरीवरची भुरी आवरतात, अंधारात मारल्यावर बुरशीला उजेडात करायची दुरुस्ती जमत नाही हे त्यातलं गमक, पण तो दिवा डोळे आणि कातडी जाळतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचारही नको.

९ डिसेंबर

नवीन पानं स्वच्छ. मुळांतून पोटॅशियम सिलिकेट सुरू केलं, काकडी सिलिकॉन भरपूर उचलते आणि पाण्यात १०० पीपीएम सिलिका असेल तर भुरी कमी येते हे बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. क्रम: रिकाम्या पाण्यात आधी सिलिकेट, ढवळा, मग खतं, मग पीएच खाली आणा. खतांनंतर टाकलं तर पाणी गढूळ होऊन खाली साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात. सिलिकेटने पीएच भसकन वर जातो, त्यामुळे मीटरशिवाय याच्या नादी लागू नका. आणि मध्येच बंद केलं की गुण जातो, नवीन पानांना ते सतत मिळायला हवं.

२१ डिसेंबर

सकाळी काकड्यांवर पांढरी धूळ. पानं हिरवीगार आणि फळं पांढुरकी! पंप भरायलाच घेतला होता, मग म्हटलं थांब, भुरी काकडीच्या फळावर सहसा येतच नाही, पानं सोडून फळावर कशी जाईल. मायक्रोस्कोपखाली माळा नाहीत, दांड्या नाहीत, नुसते बारीक चकाकणारे कण, सगळ्या सालीवर सारखे पसरलेले. ही सिलिका. काकडी सिलिकॉन उचलते आणि फळाच्या सालीवर त्याची लव बाहेर टाकते. बाजारात चकचकीत काकडी खपते म्हणून काही देशांत मुद्दाम अशा खुंटावर कलम करतात जो सिलिकॉन उचलत नाही, आणि मग त्या वेलींवर भुरी जास्त येते. मला चकचकीत नको, खायचीच आहे. अंगठ्याने पुसली की निघते.

६ जानेवारी

रात्रीचा कमाल आकडा ६५ ते ७० मध्ये. १ नंबरच्या एका जुन्या पानावर एक ठिपका आला, पिशवी चढवून पान काढलं, बाकी वेलींना हात लावला नाही. सल्फर परत मारलं नाही. आता रोजचं काम म्हणजे सकाळी आकडा बघणे आणि मागच्या बाजूची दोन-तीन पानं उलटून बघणे, चहा गाळेपर्यंत होतं.

१८ जानेवारी

बॅच काढली. शेवटच्या काकड्या बारीक होत्या पण वय झालं होतं वेलींचं, भुरीमुळे नाही.

ही बुरशी जिवंत पानावरच जगते, वाळलेल्या काडीवर किंवा टेंटच्या कापडावर तिचे बीजाणू फार दिवस तग धरत नाहीत. म्हणून रसायनांनी टेंट धुण्यापेक्षा तो दोन-तीन आठवडे पूर्ण रिकामा ठेवणं जास्त कामाचं, एकही हिरवं रोप आत नको, कोपऱ्यात ठेवलेली रोपांची ट्रेसुद्धा नको. मी कापड साबणाच्या पाण्याने पुसलं, फॅनची पाती काढून धुतली (त्यावर जो थर होता तो बघून जेवण गेलं नाही), जाळीला आत येणाऱ्या हवेसाठी फिल्टरचं कापड लावलं. कोकोपीट फेकलं.

पुढच्या बॅचला भुरी सहन करणारी जात मागवलीय, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, आधी मी फक्त उत्पादनाचा आकडा वाचायचे. तीनच बॅगा. सिलिकेट रोप दोन पानांचं झाल्यापासून. हायग्रोमीटर मागच्या कोपऱ्यात कायमचा बांधलाय आणि तो ७५ च्या वर गेला की फॅनचा स्पीड आपोआप वाढेल असा कंट्रोलर जोडतेय, त्याची वायरिंग अजून व्हायचीय, झाली की कुठल्या आकड्यावर सेट केला आणि रात्री फॅन किती वेळा वाढला ते इथेच टाकते.